जांभळवाडी पाटीवर गाडी थांबते

कंडक्टर बाईला लोक दोन प्रश्न विचारतात. सुट्टे आहेत का आणि गाडी कधी पोचेल. आमच्या लातूर-नांदेडकडं तिसराही विचारतात, "बाई, तुमचे मालक काय करतेत?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी आयुष्यभर दिली. तिसऱ्याला म्हणायची, "घरी बसून माझी वाट बघतेत." लोक हसायचे. पण मालक खरंच वाट बघायचे, कारण ड्युटी संपून मी घरी जाईपर्यंत चहा कुणी करायचा, यावर आमच्यात एकमत नव्हतं.

लाल गाडीवर कंडक्टर म्हणून मी लागले तेव्हा या कामात बायका फारशा नव्हत्या. माझ्या सासरी आठवडाभर कुणी धड बोललं नाही. खाकी कपड्यात मला पहिल्यांदा बघून शेजारीण म्हणाली, "शोभा, तू पोलिसात गेलीस का काय?" मी म्हटलं, "पोलिसाला मान तरी असतो." पुढं कळलं की मान आम्हालाही असतो, फक्त तो आपणच मिळवावा लागतो. कुणी कोंबड्याचं अर्धं तिकीट मागतं, कुणी शेजारच्या सीटवर गाठोडं बसवून ठेवतं आणि 'मंडळी येऊन राहिलीत' म्हणून चार गावं दम धरायला लावतं. अशांशी भांडून भांडून माझा आवाज मोठा झाला. घरी हळू बोलायला गेले तरी लोक वळून बघतात.

सुरुवातीची वर्षं मी नांदेडच्या बाजूला काढली. अर्धापूरहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत गंगाधरकाका म्हणून एक केळीवाले असायचे. टोपली मागच्या सीटखाली ठेवायचे आणि गाडी सुटायच्या आधीच माझ्या मागं लागायचे. "बाई, हाना की घंटी. तुमी लेट केला की माझी केळी म्हातारी होतेत." मला वाटायचं, म्हातारा उगीच तकतक करतो. एकदा मी त्यांच्याबरोबर चालत गेले, तेव्हा उलगडा झाला. दवाखान्याच्या फाटकापाशी त्यांची बसायची जागा होती. सकाळी पेशंटला भेटायला नातेवाईक येतात, तेव्हा केळी जातात. उन्हं चढली की त्याच केळ्यांना निम्म्या भावानंही कुणी विचारत नाही. काकांचा सगळा धंदा त्या तासाभराचा होता आणि तो तास माझ्या हातात होता. त्या दिवसापासून मी गाडीला नुसती गाडी समजायचं सोडलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी म्हणजे जायचं-यायचं साधन. आमच्या भागात ते तेवढंच नसतं. गावात घर आहे, म्हातारी माणसं आहेत, चार शेळ्या आहेत, पण काम नाही. काम शहरात आहे, पण तिथं राहायचं म्हटलं तर खोलीचं भाडंच पगार खातं. मग माणूस रोज सकाळी जातो आणि रोज संध्याकाळी येतो. त्याला आमच्याकडं अप-डाऊन करणं म्हणतात. शिक्षक करतात, कारकून करतात, दुकानात कापड फाडणारे करतात, दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बायका करतात. गाडी वेळेवर आली तर नोकरी टिकते. नाही आली तर काय होतं, ते मी सांगायला बसले आहे.

पुढं बदली मागून मी लातूरकडं आले. शेवटची काही वर्षं चाकूरहून लातूरला जाणारी सकाळची गाडी माझ्याकडं होती. ड्रायव्हर माणिकराव. हा माणूस दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली सात समोरच्या ट्रकवाल्याला असायची. पण गाडी अशी चालवायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडत नसे. मी एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं, एवढीच आमची भाषा होती आणि तिच्यात आमचं कधी भांडण झालं नाही.

चाकूरला गाडी भरायची. भरायची म्हणजे प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. दाराजवळच्या सीटवर दीक्षितसाहेब. लातूरच्या एका सरकारी कार्यालयात ते मोठ्या बाबूच्या जागी होते. घर चाकूरला, वडिलांच्या वेळचं. बायकोचा शिवणाचा क्लास होता, तोही चाकूरलाच, म्हणून लातूरला राहायला गेले नाहीत. अंगानं बारीक, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा. गाडीतल्या अप-डाऊनवाल्यांचे ते आपोआप पुढारी झाले होते. कुणाची सीट कुणी बळकावली, पंखा कुणाच्या बाजूला, खिडकी उघडायची का लावायची, सगळे निवाडे त्यांच्याकडं. मला ते "शोभाताई" म्हणायचे आणि सुट्टे पैसे नेहमी तयार ठेवायचे. कंडक्टरला माणूस आवडायला एवढं बास असतं.

चाकूर सोडलं की काही अंतरावर जांभळवाडी पाटी. रस्त्यावरून गावाकडं वळायची जी जागा असते, तिला आमच्याकडं पाटी म्हणतात. तिथं गावाच्या नावाचा फलक असतो, एखादं लिंबाचं झाड असतं, नशीब असेल तर टपरी असते. जांभळवाडी पाटीला टपरीही नव्हती. पण तिथून रोज सुनंदा चढायची.

सुनंदा लातूरला मुलींच्या एका मेसमध्ये स्वयंपाक करायची. लातूरला शिकायला कुठून कुठून पोरंपोरी येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे निकाल पेपरात येतात, फोटो चौकाचौकात लागतात. पण त्या पोरींना सकाळी गरम पोहे कोण करून देतं, हे कुणी विचारत नाही. गावोगावच्या बाया येऊन करतात. सुनंदाचा नवरा पुण्याकडं कुठल्या तरी कंपनीत गाडीवर होता, सणाला यायचा, कधी तेव्हाही नाही. घरी फक्त सासू. सासूचं एक अंग लुळं पडलेलं. तिला उठवायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, आंबील चमच्यानं भरवायची, उशाशी पाणी ठेवायचं, शेजारच्या धुरपताबाईला सांगायचं आणि मग गावातून पाटीपर्यंत पळत यायचं.

पळतच यायची. शेतातल्या पायवाटेवर तिची हिरवी साडी दिसली की अख्खी गाडी खिडकीला लागायची. "आली, आली. ताई, घंटी देऊ नका." सगळ्यात आधी दीक्षितसाहेबांनाच दिसायची. ते खिडकीच्या गजावर बोट वाजवायचे, "माणिकराव, सुनंदा दिसली." माणिकराव इंजिन चालू ठेवून स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचा. ती चढली की आधी दम खायची, मग म्हणायची, "आज म्हातारीनं लई छळलं ओ." आणि सासूची गंमत सांगायची. म्हातारी जिभेला तिखट होती. एकदा मला निरोप पाठवला होता, "त्या कंडक्टरणीला सांग, माझी सून गाडीत चढल्याबिगर घंटी वाजवली तर मी येऊन तिची दोरी तोडीन." त्याबरोबर फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा. धमकी आणि जेवण एकाच पिशवीत पाठवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

अशी एकाची वाट बघायची, दुसऱ्याचा डबा राहिला म्हणून रिक्षा येईपर्यंत थांबायचं, ही आमच्या गाडीची रीत होती. कागदावर कुठं नव्हती. कधी सुनंदासाठी, कधी पुढच्या पाटीवरच्या दूधवाल्यासाठी. सगळे एकमेकांचे होते, त्यामुळं कुणाला ते जड वाटत नव्हतं.

मग दीक्षितसाहेबांच्या ऑफिसात अंगठ्याचं मशीन आलं. आधी मस्टरवर सही असायची, थोडं मागंपुढं चालायचं. मशीनला मागंपुढं कळत नाही. उशीर झाला की रजा कापली जायची. साहेबांनाच नाही, आणखी पाच-सहा जणांना तोच त्रास. सुट्ट्या संपत चालल्या. साहेब तेव्हा गाडीत सारखं घड्याळ बघायचे. बायकोचं काहीतरी ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी ठेवलेली रजा उशिरापायी झिजत होती. सुनंदालाही आता जास्त बोलणी खावी लागत होती. मेसच्या मालकीणबाई, सगळे त्यांना काकू म्हणायचे, वाईट नव्हत्या, पण पोरी उपाशी क्लासला गेल्या की आईबाप त्यांना फोन करायचे. त्या मग सुनंदाला बोलायच्या.

एके दिवशी गाडीतच ठरलं की डेपो मॅनेजरला भेटायचं. चाकूर ते लातूर विनाथांबा गाडी मागायची. मधे कुठंही न थांबता सरळ लातूर. दीक्षितसाहेब म्हणाले, "आपण बाबू लोक गेलो तर ते म्हणतील, यांना काय झालंय. सुनंदा, तू चल. तुझं ऐकतील." गाडीतल्या बाया म्हणाल्या, "जा गं, तुला बोलता येतंय." सुनंदा लाजली, पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं. आपल्याला कुणी बोलायला बोलावलं, असं तिच्या आयुष्यात किती वेळा झालं असेल.

ते लोक गेले तेव्हा मी डेपोत कॅश भरायला गेले होते, म्हणून दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. मॅनेजर तरुण होता, नुकताच आलेला. दीक्षितसाहेबांनी नीट मुद्देसूद सांगितलं. तो मान हलवत राहिला, फोन बघत राहिला. मग साहेब म्हणाले, "या ताई बोलतील."

सुनंदा पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, माझी सासू एका अंगानं गेलीया. तिला उठवून, धुऊन, चारून मी निघते. तिकडं मेसमधी पोरी ताट घिऊन उभ्या राहतेत. त्या उपाशी गेल्या की मालकीण मला बोलती, आन् तिचं बोलणं बरोबरच हाय. सासूबी बोलती, तिचंबी बरोबर हाय. मला दोन्हीकडं पोचायचं असतंय. मधला रस्ता तेवढा तुमच्या हातात हाय. तेवढा बारका करा."

मॅनेजरनं फोन खाली ठेवला. तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "असं सांगणारं माझ्याकडं आजवर कुणी आलं नाही." तिथंच त्यानं दोन फोन केले. बाहेर आल्यावर दीक्षितसाहेबांनी तिला हात जोडले. माझे डोळे भरून आले होते. मला तिचा अभिमान वाटला. आमच्या गाडीतली बाई, पाटीवरची, तिनं साहेबाला फोन खाली ठेवायला लावला.

पंधरवड्यात मंजुरी आली. आदल्या संध्याकाळी डेपोतल्या कंट्रोलरनं मला नव्या फेरीचं सांगितलं. चाकूर, लातूर. मी म्हटलं, "आणि पाटी?"

"कुठली पाटी?"

"जांभळवाडी."

"बाई, विनाथांबा म्हणजे विनाथांबा. तिथं थांबायचं तर मग काय राहिलं?"

"अहो, जिच्यामुळं गाडी मिळाली ती बाई तिथून चढते."

कंट्रोलरनं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "हे त्यांच्या कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

नव्हतंच आलं. दीक्षितसाहेबांच्या नाही, बायांच्या नाही, मॅनेजरच्या नाही, दाराशी उभं राहून डोळे पुसणाऱ्या माझ्याही नाही. आणि सुनंदाच्या तर मुळीच नाही. सुनंदा गाडीतलीच होती ना. गाडी तिच्यासाठी थांबते, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की तो एक थांबा आहे, हेच आम्ही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत पेढे वाटले. समोर विनाथांब्याचा फलक. गाडी जांभळवाडीजवळ आली तर पाटीवर सुनंदा आधीच उभी. त्या दिवशी पळत आलेली नव्हती, लवकर आली होती. हातात नारळ आणि झेंडूचा हार. माणिकरावनं मला न विचारता गाडी थांबवली. तिनं हार घातला, हळदीकुंकू लावलं, दगडावर नारळ फोडला, खोबरं घेऊन वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला हळूच म्हटलं, "सुनंदा, ही गाडी आता इथं थांबत न्हाई गं. कागदावर थांबा न्हाई."

ती हसली. "काय ओ ताई. आपलीच गाडी हाय की."

दीक्षितसाहेबांच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. त्यांना तेव्हा कळलं.

आम्ही थांबत राहिलो. माणिकराव म्हणायचा, "एका मिनिटानं कोण मरत न्हाई." पण आमच्या लाईनवर दोन पाट्या आणखी होत्या. तिथल्या लोकांना दिसायचंच ना. एका सकाळी पुढच्या पाटीवरचा दूधवाला रस्त्याच्या मधे कॅन घेऊन उभा राहिला. माणिकरावला ब्रेक मारावा लागला. दूधवाला म्हणाला, "जांभळवाडीला थांबता, मग आमी काय घोडं मारलंय?" त्याचंही बरोबर होतं. मग त्याच्यासाठी थांबलो, मग तिसऱ्या पाटीसाठी. आठवड्यात गाडी पुन्हा पहिल्यासारखी उशिरा पोचायला लागली आणि मशीननं पुन्हा रजा कापायला सुरुवात केली. नव्यानं येऊ लागलेल्या काही प्रवाशांनी तक्रार केली. त्यांना सुनंदा कोण, काय माहीत. मग वाटेत तपासणी पथकानं आम्हाला पाटीवरच धरलं. माणिकरावला मेमो मिळाला. त्याच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते आणि आधीचा एक मेमो त्याच्या नावावर होता. आणखी एक लागला तर निवृत्तीच्या पैशांच्या हिशेबाला अडकला असता.

हे गाडीत सगळ्यांना कळलं, सुनंदालाही कळलं. दुसऱ्या दिवशी पाटी आली तेव्हा ती रस्त्यापासून लांब, लिंबाच्या पलीकडं उभी होती. हात केला नाही. उलट हातानंच जा, जा म्हणत होती. माणिकरावनं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. मी दोन घंट्या दिल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या बाजूच्या खिडकीकडं कुणी बघायचं नाही.

लोक म्हणतील, मग दुसरं काहीतरी करायचं होतं. केलं की तिनं. त्या रस्त्यावर जीप चालतात, पण जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि सकाळी ती भरत नाही. लाल गाडीत बायांना अर्धं तिकीट, जीपमध्ये पुरं. त्यात रोज गेलं तर मेसचा पगार जीपवाल्यालाच द्यायचा. चुलत दीराचा पोरगा काही दिवस मोटारसायकलवर तिला उलटं चाकूरला आणून सोडायचा, मग तो कामाला पुण्याला गेला. साधी गाडी होती, पण ती येईपर्यंत मेसमधला नाष्टा उरकलेला असायचा. काकूंनी महिनाभर सांभाळून घेतलं. मग एक दिवस म्हणाल्या, "सुनंदा, तुझ्यावर माझा राग नाही. पण मला पहाटे माणूस लागतं. मागची खोली रिकामी आहे. राहा इथं, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

संध्याकाळची आमची गाडी साधी होती, सगळ्या पाट्यांवर थांबायची. त्या दिवशी सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, संध्याकाळी घरी येता येतंय, सकाळी कामाला जाता येत न्हाई. अर्धाच रस्ता राहिला बगा मला." मग म्हणाली, "काम सोडलं तर म्हातारीचं औषध कुठून आणू? आन् काम धरलं तर म्हातारी कुणाकडं ठिवू?"

म्हातारीनंच शेवटी निकाल लावला. म्हणाली, "जा तिकडं. मला काय धाड भरलीया? धुरपता हाय की." असं जोरात म्हणणारी माणसं मनातून किती घाबरलेली असतात, हे मला नोकरीनं शिकवलं आहे.

सुनंदा लातूरला राहायला गेली. रविवारी मेसमध्ये गोडाचं जेवण असायचं, म्हणून रविवारी सुट्टी नाही. मधेच एखाद्या दिवशी संध्याकाळी घरी यायची, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. बाकीच्या दिवशी रोज संध्याकाळी लातूरच्या स्टँडवर ती माझ्या गाडीपाशी डबा घेऊन उभी असायची. मऊ भात, वरण, कधी शिरा. जांभळवाडी पाटीवर धुरपताबाई डबा घ्यायला यायची आणि कालचा रिकामा परत द्यायची. गाडीतून डबा-पार्सल न्यायचे नियम आहेत, ते मला तोंडपाठ आहेत. मी तो डबा माझ्या मांडीवर घेऊन बसायची. कुणी चेकर आला असता तर माझं जेवण आहे म्हटलं असतं.

काही दिवसांनी डबे जड परत यायला लागले. मी धुरपताबाईला विचारलं. ती म्हणाली, "खात न्हाई ओ बाई. तोंड फिरवती. म्हनती, सून भरवंल तवा खाईन." हे सुनंदाला सांगू का नको, असं मला झालं. मी सांगितलं नाही. डबा हातात घेतल्यावर तिला वजन कळायचंच. ती तो तसाच पिशवीत टाकायची.

दीक्षितसाहेब संध्याकाळी याच गाडीत असायचे. त्यांना सगळं दिसत होतं. माणूस आतून पोखरला होता. एकदा मला म्हणाले, "शोभाताई, मी तिला पुढं केलं. तिच्या तोंडून ते चांगलं वाटेल म्हणून." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही." ते म्हणाले, "हेतू घेऊन काय करू?" त्या दिवसापासून त्यांनी तो एक थांबा मंजूर करून घ्यायचा ध्यास घेतला. डेपोत गेले, वरच्या ऑफिसात गेले, स्वतःची रजा टाकून गेले. तो तरुण मॅनेजर बदलून गेला होता. नवीन साहेब म्हणाले, विनाथांबा तुमच्याच मागणीवरून दिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पावसाळा गेला, थंडी पडली.

थंडीतल्याच एका सकाळी धुरपताबाईचा सुनंदाला फोन गेला की म्हातारीचं काही खरं नाही, निघ. त्या वेळेला पाटीवर थांबणारी गाडी नव्हती. ती जीपच्या अड्ड्यावर गेली. जीपमध्ये दोन माणसं बसलेली. ती रडून सांगत होती, ड्रायव्हर म्हणत होता, "आक्का, रिकामी नेऊन मला परवडत न्हाई, आणखी चार होऊ द्या." शेवटी तिनं चार सीटचे पैसे स्वतः दिले. हे तिनंच मला नंतर सांगितलं, अगदी सपाट आवाजात. घरी पोचली तेव्हा शेजारच्या बायांनी म्हातारीचे डोळे मिटवले होते. आंबिलीची वाटी उशाशी भरलेली होती.

त्या संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं. स्टँडवर सुनंदा दिसली नाही, मला वाटलं उशीर झाला असेल. पाटीवर धुरपताबाई उभी होती, मोकळ्या हातानं. म्हणाली, "बाई, डबा आता नगं." मला गाडीतच रडू फुटलं. खाकी कपड्यात रडू नये म्हणतात, मी रडले. माणिकराव तेव्हा निवृत्त झाला होता, नवीन ड्रायव्हर पोरगा होता, तो घाबरून माझ्याकडं बघत राहिला. दीक्षितसाहेब खाली उतरले. त्यांना चाकूरला जायचं होतं, तरी उतरले आणि अंधारात त्या पायवाटेनं गावाकडं चालत गेले.

म्हातारीचे दिवस झाले, सगळं झालं. आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यानं थांबा मंजूर झाला. सकाळची गाडी जांभळवाडी पाटीवर थांबेल, असा हुकूम. दीक्षितसाहेबांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणाले, "तुम्ही सांगा तिला. माझ्यानं होणार नाही."

दुपारी मला लातूरला दीड तासाची फुरसत असायची. मी मेसमध्ये गेले. मागच्या दारानं आत गेले तर सुनंदा पोळ्या लाटत होती. पलीकडं पोरी हसत खिदळत जेवत होत्या. मला बघून तिनं पाट सरकवला, पाणी दिलं. मी सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटली. म्हणाली, "बरं झालं. साहेबांनी लई केलं." मी विचारलं, "मग येशील का आता घरी राहायला?"

"कुणासाठी येऊ?" ती म्हणाली. रागानं नाही, साधंच विचारलं. मग पुढची पोळी लाटायला घेतली आणि लाटता लाटता म्हणाली, "ताई, एक आईकाल का? तिथं आता कुणी नसंल तर गाडी थांबवू नका. लोकांचा खोळंबा हुतो. साहेबांना अंगठा लावायचा असतोय."

मी म्हटलं, "थांबा मंजूर झालाय सुनंदा. आता थांबावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीवर एक घंटी दिली. गाडी थांबली, मी दार उघडलं. पायवाटेवर कुणी नव्हतं. गाडीत आता नवी माणसं बरीच होती. दीक्षितसाहेब शेताकडं बघत बसले होते. थोडं थांबून मी दार लावलं आणि दोन घंट्या दिल्या. निवृत्त होईपर्यंत मी तसंच केलं. त्या पाटीवरून सकाळी कुणी चढलेलं मला आठवत नाही.